तालमींतल्या मुलास कोणतें धान्य द्यावें ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील एखादा मुलगा आज तालमींत आहे, पूर्वीं होता, किंवा पुढें जाणार आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या बाजूस तर ज्या घरांत दोन म्हशी व तीन मुलगे आहेत, त्या घरांतील एकानें लाल मातींत उतरावें हें जवळजवळ ठरल्यासारखेंच असतें. अशा मुलाच्या खुराकाची गोष्ट निघाली म्हणजे बोलणें बदाम, तूप, दूध, अंडीं, मटण व अलीकडे प्रथिनांच्या पावडरीचे डबे यांच्याभोंवतीं फिरतें. धान्याचें नांव कोणी काढीत नाहीं. भाकरी ही पोट भरण्याची वस्तु, अंग भरण्याची नव्हे, असा समज सर्वत्र पसरला आहे. हा समज चुकीचा असून शेतकऱ्याच्या घरास तो फार महाग पडतो, असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत कागद लिहिण्यांत गेलें. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं एक गृहस्थ वीस गुंठ्यांच्या खरेदीखताची नक्कल घेऊन फेरफाराच्या नोंदीच्या कामासाठीं आमच्या टेबलाशीं आले. जमीन विहिरीखालची, काळी, कसदार. विकण्याचें कारण विचारण्याचा कारकुनास अधिकार नसतो. परंतु ओळख जुनी असल्यामुळें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पोराच्या खुराकाला घातलं. रान परत घेता येतंय, पोराचं वय परत येत न्हाई.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

तो मुलगा त्या वेळीं अठरा वर्षांचा होता व वजन साठ किलोच्या आंतबाहेर होतें. त्यास रोज पन्नास बदामांची थंडाई, तुपाची वाटी आणि डब्यांतील पावडर चालू होती. त्याच वेळीं तालमींतील कोणीं तरी त्याच्या मनांत भरवून दिलें कीं, भाकरीनें व भातानें पोट सुटतें. म्हणून दोन भाकरींची एक झाली आणि भात अजिबात बंद झाला. वर्षाअखेर त्याच्या तोंडावर तकाकी आली, कंबरही वाढली. परंतु लढतींत तिसऱ्या-चौथ्या मिनिटास हात जड होत व जोड त्याला खालीं घेई. तीन वर्षांनीं तो गांवीं परतला. एवढ्यावरून सगळा दोष ताटावर ठेवणें न्याय्य होणार नाहीं. कुस्तींतील यशापयश पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतें. तथापि त्याच्या ताटांतून जें काढलें गेलें तें त्याच्या घरीं पिकत होतें, आणि जें वाढलें गेलें तें जमीन विकून आणावें लागत होतें, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं.

तूप-बदामांच्या खुराकाची ही यादी आपल्या घरांत कशी शिरली, हेंही पाहण्यासारखें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कारकीर्दींत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळांत, कोल्हापुरांत मल्लविद्येस मोठा आश्रय दिला. खासबागचें मैदान १९१२ सालीं बांधून पुरें झालें. दूरदूरचे मल्ल कोल्हापुरीं येऊन राहिले व त्यांच्या खुराकाचा भार संस्थाननें उचलला. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. राजाश्रय गेला, परंतु खुराकाची यादी मागें राहिली, आणि दरबारी खजिन्यानें पेलावयाची ती यादी दोन-तीन एकरांच्या खातेदारानें आपल्या डोक्यावर घेतली.

आतां अंगांत मांस कसें चढतें तें थोडक्यांत पाहूं. त्यास मेहनत पाहिजे, प्रथिनें पाहिजेत, आणि रोजच्या खर्चाहून थोडे अधिक उष्मांक पाहिजेत. प्रथिनांविषयीं आजच्या शास्त्रज्ञांचा अंदाज असा कीं, मेहनत करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागें १.६ ग्रॅमच्या सुमारास प्रथिनें मिळालीं म्हणजे बहुतेक काम भागतें. त्याच्या दुप्पट दिल्यानें स्नायु दुप्पट वाढत नाहींत. मेहनत कशाच्या बळावर होते, हा प्रश्न मात्र निराळा आहे. धान्यांतील, कंदांतील व फळांतील पिष्टमय व शर्करायुक्त भाग, ज्यास शास्त्रांत कर्बोदकें म्हणतात, पोटांत फुटून त्याची साखर होते, आणि ती साखर ग्लायकोजेन या रूपानें स्नायूंत व यकृतांत साठते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत असा साठा सुमारें ४०० ग्रॅम व यकृतांत सुमारें १०० ग्रॅम असतो. जोर, बैठका, दोरावर चढणें, जोडीस उचलून टाकणें हीं सर्व झटक्याचीं कामें मुख्यत्वें याच साठ्यावर होतात. तुपांतून मिळणारी शक्ति मोठी खरी, एका ग्रॅमास ९ उष्मांक, धान्याच्या पिष्टाच्या दुपटीहून अधिक. परंतु ती सावकाश निघते. गादीवरील लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. तेथें तुपाची वाट पाहण्यास सवड नसते.

साठा संपल्यावर मुलगा मेहनत कमी करतो, नाहीं तर शरीर प्रथिनांनाच सरपणासारखें जाळूं लागतें. आपणांपैकीं कोणीही नांगरटीच्या दिवसांत बैलास सरकीची पेंड वाढवून त्याची वैरण तोडणार नाहीं. तसें केल्यास पेंड वायां जाते व बैल खंगतो, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र आपण तेंच करतों व त्यास खुराक म्हणतों.

धान्य एकटें पुरतें असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. यासंबंधीं एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. निलगिरीवरील कुन्नूर येथें डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांस देऊन त्यांची वाढ पाहिली. १९३६ सालीं लंडन येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं हा प्रयोग सांगितला. सर्वांत चांगली वाढ शीख लोकांच्या आहारावर झाली. त्या खालोखाल पठाणांचा आहार आला, आणि तिसरा मराठ्यांचा. शिखांच्या आहारांत अख्ख्या गव्हाची पोळी होती, तशींच दूध, लोणी, डाळी व ताज्या भाज्याही होत्या. सर्वांत मागें पडलेल्या आहारांत सडलेला तांदूळ पुष्कळ व दूधदुभतें अगदीं थोडें होतें. धान्य हें अंग, पण त्यास दूध व डाळ यांची जोड लागते, एवढें यावरून घ्यावें. कुन्नूरची ती संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. खालीं आम्हीं दिलेले धान्यांचे आंकडे बहुतेक तिच्याच कोष्टकांच्या आधारानें, पूर्णांकांत, दिलेले आहेत.

आपल्याकडील पहिलें धान्य ज्वारी. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ व १० ग्रॅम प्रथिनें असतात. दहा ग्रॅम हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण तालमींतील मुलगा दिवसाला तीनशें ग्रॅम पीठ सहज खातो, आणि त्यांतून त्यास तीस ग्रॅम प्रथिनें मिळतात. हीं कोणाच्या हिशेबांत येत नाहींत. ज्वारींत दोन उणिवा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. शिजल्यावर तिचीं प्रथिनें गव्हातांदुळाइतकीं सहज पचत नाहींत, व त्यांत लायसिन नांवाचा अंश कमी असतो. हा अंश डाळींत व दुधांत भरपूर असल्यामुळें भाकरीबरोबर पिठलें, उसळ, आमटी किंवा दूध घेण्याची आपली जुनी चाल अगदीं योग्य आहे. दुसरें, ज्वारींत चोथा पुष्कळ, शंभर ग्रॅमांत दहा ग्रॅमच्या सुमारास. कोठा साफ राहण्यास तो उत्तम. परंतु त्यामुळें पोट लवकर भरतें. मुलगा तीन भाकरींवर थांबला आणि वजन तर चढत नाहीं, अशा वेळीं चौथी भाकरी त्याच्यापुढें रेटण्यांत अर्थ नसतो. तेथें भात उपयोगी पडतो.

भाताविषयीं तालमींत इतका आकस कां, तें आम्हांस कधीं कळलें नाहीं. शंभर ग्रॅम तांदुळांत ७८ ग्रॅम पिष्ट, चोथा नांवाचा, पचनास सोपा. पोटांत तो फार वेळ रेंगाळत नाहीं व दोन तासांनीं पुन्हां भूक लागते. बैठें काम करणाऱ्या आमच्यासारख्यास हा दोष आहे, वजन वाढवूं पाहणाऱ्या पैलवानास तो गुण आहे. विशेषतः सकाळच्या मेहनतीनंतर, संध्याकाळीं पुन्हां मातींत उतरावयाचें असल्यास, रिकामा झालेला साठा लवकर भरावा लागतो. त्या वेळीं भात किंवा पोहे यांसारखें हलकें अन्न भाकरीपेक्षां अधिक कामाचें. दिवसांतून एकदांच मेहनत असेल तर ही घाई नको, दिवसभरांत मिळून बेरीज पुरी झाली म्हणजे झालें. आजऱ्याचा घनसाळ असो कीं रेशनचा जाडा तांदूळ असो, या कामापुरता दोहोंत फरक नाहीं; वासाचे पैसे वेगळे.

बाजरींत ज्वारीपेक्षां प्रथिनें थोडीं अधिक व तेल शेंकडा पांचच्या आसपास असतें. या तेलामुळेंच तिचें पीठ लवकर खवट होतें, म्हणून आठवड्यापुरतेंच दळावें. थंडींत ती चांगली. गव्हाबद्दल वेगळें सांगण्याजोगें कांहीं नाहीं. ज्यास चपाती रुचते त्यानें ती खावी.

नाचणीस मात्र आम्ही वरचें स्थान देतों. राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगराळ भागांत व कोंकणांत ती घरोघर आहे, आणि शहरांत जाऊन आलेलीं मुलें तिला गरिबांचें धान्य म्हणून नाक मुरडतात. तिच्यांत प्रथिनें कमी, सातच्या सुमारास. परंतु शंभर ग्रॅमांत चुना, म्हणजे कॅल्शियम, ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असतें. तेवढें कोणत्याही नेहमींच्या धान्यांत नाहीं. वाढत्या मुलाच्या हाडांस हें हवें. शिवाय नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेल्या सत्त्वाची खीर दाट होत नाहीं. मोड येतांना तिचें पिष्ट कांहीं अंशीं फुटलेलें असतें. त्यामुळें तेवढ्याच दुधांत अधिक पीठ घालतां येतें व पेलाभर पितां येतें. ज्या मुलाच्या तोंडास मेहनतीनंतर घास लागत नाहीं, त्याला हें पेय द्यावें. बाजारी डब्यांपैकीं कित्येकांत साखर व पिष्ट हेंच मुख्य असतें. डब्यावरील बारीक अक्षरें वाचून पाहिल्यास तें दिसतें. तेंच आपली आजी फडक्यांत मोड आणून करीत असे.

आतां फुटकळ जिनसा. पहाटे मेहनतीपूर्वीं भरल्या पोटीं मातींत उतरूं नये, व अगदीं उपाशींही उतरूं नये. दोन केळीं किंवा गुळाचा खडा व पाणी पुरे. मोठें जेवण मेहनतीच्या आधीं तीन तास झालेलें असावें. दुपारनंतर उकडलेलें रताळें उत्तम. शंभर ग्रॅमांत २८ ग्रॅम पिष्ट, आणि स्वस्त. साबुदाणा मात्र जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, प्रथिनें नांवालाच. शनिवारीं मारुतीचा उपास धरणाऱ्या पैलवानांनीं खिचडींत शेंगदाणे हात सैल सोडून घालावे व वर दूध घ्यावें, नाहीं तर तो दिवस फुकट जातो. गूळ व साखर यांच्या वादांत आम्ही फारसे पडत नाहीं. आमच्या भागांत गुऱ्हाळें असल्यामुळें गुळाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु दोन्ही मूळची एकच साखर, गुळांत थोडें लोह वगैरे अधिक, इतकेंच. मेहनतीच्या आगेंमागें थोडा घ्यावा. दिवसभर चघळूं नये.

हिशेब केल्याशिवाय आमच्या जुन्या संवयीस समाधान वाटत नाहीं, म्हणून साठ किलो वजनाच्या व दोन वेळ मेहनत करणाऱ्या मुलाचा एक दिवस मांडतों. अशास वजनाच्या दर किलोमागें सात ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅमच्या सुमारास पिष्ट व शर्करा लागतात असें धरूं. पहाटेच्या दोन केळ्यांत ४५ ग्रॅम. मेहनतीनंतर ७५ ग्रॅम पोहे व अर्धा लिटर दूध, ८० ग्रॅम. दुपारीं दीडशें ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी व ७५ ग्रॅम तांदुळाचा भात, १६० ग्रॅम. तिसऱ्या प्रहरीं दीडशें ग्रॅम रताळें, ४० ग्रॅम. रात्रीं पुन्हां दोन भाकरी, १०५ ग्रॅम. निजतांना अर्धा लिटर दूध, २० ग्रॅम. एकूण ४५० ग्रॅम झाले, डाळींतील पिष्ट वेगळें. यांतच प्रथिनें पाहा. भाकरींतून ३०, पोहे व भात यांतून १०, एक लिटर दुधांतून ३५, दिवसभराच्या शंभर ग्रॅम डाळ-कडधान्यांतून २२, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज १०४ ग्रॅम. मुलास पाहिजेत ९६. यांत एकही बदाम नाहीं व एकही डबा नाहीं. ज्यांच्या घरीं अंडीं-मटण चालतें त्यांनीं तें जरूर घालावें व त्या मानानें दूध कमी करावें. बदामांशीं आमचें वैर नाहीं; परंतु शंभर ग्रॅम बदामांत प्रथिनें सुमारें २० व शेंगदाण्यांत २५, हें बाजारांत जाण्यापूर्वीं ध्यानांत असूं द्यावें.

हा हिशेब साठ किलोचा आहे. सत्तर किलोच्या मुलास त्या प्रमाणांत वाढवावा, आणि मेहनत एक वेळ असल्यास रताळें व एक भाकरी कमी करावी. ताटावर डोळे ठेवण्यापेक्षां कांट्यावर ठेवावे. दर रविवारीं सकाळीं, शौचास जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं वजन करावें, आणि बेंबीच्या रेषेंत शिंप्याच्या फितीनें कंबर मोजावी. महिन्यास किलोभर वजन वाढणें ही चांगली चाल होय. वजन हलत नसेल तर प्रथम भात वाढवावा. वजन भराभर वाढून कंबरच फुगत असेल तर प्रथम तूप व साखर कमी करावी, भाकरी नव्हे. लोक याच्या नेमकें उलट करतात.

एक गोष्ट वडीलमंडळींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. वर दिलेलें ताट मेहनतीचें ताट आहे. तालीम सुटली, मुलगा लग्न होऊन दुकानांत किंवा गाडीवर बसला, कीं ताट त्याच महिन्यांत उतरलें पाहिजे. आमच्या पाहण्यांतील कित्येक जुन्या पैलवानांची तालीम सुटली पण खुराक सुटला नाहीं, आणि पन्नाशीच्या आंत मधुमेहानें त्यांस गांठलें. अशा वेळीं भात, गूळ, केळीं यांस प्रथम कात्री लावावी. चोथ्याची भाकरी मापांत राहूं द्यावी, आणि रक्तांतील साखर वर्षांतून एकदां तरी तपासून घ्यावी. ज्या मुलास आधींच मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा विकार आहे, त्याचा आहार डॉक्टरांस विचारल्याशिवाय ठरवूं नये.

आतां शेतीकडे वळूं. कचेरींत असतांना पीकपाहणीचे रकाने वर्षानुवर्षें आमच्या नजरेखालून गेले. विहीर झाली, पाट आला, कीं त्या गटापुढील ज्वारीचें नांव जाऊन तेथें ऊंस येतो. ऊंस आपल्या जागीं ठीक आहे. त्याच्या पैशावर घरें उभीं राहिलीं. परंतु चार एकर बागाईत असलेला खातेदार घरच्या भाकरीकरितां दुकानांतून ज्वारी आणतो, हें दृश्य आम्हांस रुचत नाहीं. वरच्या हिशेबांत मुलास रोज तीनशें ग्रॅम पीठ लागतें, म्हणजे वर्षास ११० किलो. पाणी देऊन केलेल्या रब्बी ज्वारीचा उतारा एकरी आठ क्विंटल इतकाच धरला तरी गुंठ्यास २० किलो पडतात. म्हणजे मुलाच्या वर्षाच्या भाकरीस साडेपांच गुंठे पुरतात, आणि कडबा म्हशीस मिळतो तो निराळा. त्या गृहस्थांनीं वीस गुंठे विकले होते.

ज्यांस यंदा अशी सहा गुंठ्यांची पट्टी राखावयाची असेल, त्यांनीं ती उंसाच्या सावलींत न धरतां मोकळ्या कडेस धरावी. मालदांडीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनींत ओल असतांना करावी. बियाणें एकरी चार किलो, म्हणजे या पट्टीस सहाशें ग्रॅम लागेल. दाणे भरूं लागले म्हणजे पांखरें राखण्यास माणूस ठेवावा लागेल. सुटीस आलेल्या पैलवानास तेथें पाठवावें, हुरडा त्याचाच आहे.